दारी झुलणारा हत्ती : जास्त धावलेल्या वेगवान गाडीचे अर्थकारण

जुन्या काळी एखाद्या घराण्याचे ऐश्वर्य सांगताना ‘त्यांच्या दारी हत्ती झुलत असे’ असे म्हणत. त्या वर्णनात हत्तीच्या डौलाचा उल्लेख असे. त्याच्या रोजच्या चाऱ्याचा आणि माहुताच्या पगाराचा मात्र नसे. आज हत्तीची जागा मोटारीने घेतली आहे. एके काळी केवळ श्रीमंतांच्या दारात दिसणारी, शक्तिशाली इंजिनाची, रस्त्याला चिकटून धावणारी गाडी दहा-पंधरा वर्षांनंतर मध्यमवर्गीयाच्या आवाक्यातील किमतीला जुन्या बाजारात उभी असते. ती पाहून एखाद्या तरुणाचे मन मोहून जावे यात नवल नाही. या लेखाचा हेतू त्या मोहाची चेष्टा करण्याचा नाही. अशी गाडी बाळगणे शक्य आहे आणि त्यातला आनंदही खरा आहे. मात्र त्यासाठी कोणता हिशेब आधी मांडावा लागतो, तो येथे पाहू.

एका हप्त्याची गोष्ट

शाखेच्या कर्ज विभागात काम करीत असताना एक तरुण ग्राहक माझ्याकडे येत असे. नोकरी स्थिर, खाते स्वच्छ, वागणे नम्र. त्याला टर्बो इंजिनाची एक जुनी पेट्रोल गाडी घ्यायची होती. गाडी १ लाख १० हजार किलोमीटर धावलेली होती. ३ लाख रुपयांचे कर्ज, वार्षिक १२ टक्के व्याज आणि ३ वर्षांची मुदत, म्हणजे महिन्याचा हप्ता सुमारे ९,९६४ रुपये. त्याच्या पगाराला हा हप्ता सहज पेलण्यासारखा होता. कागदोपत्री कोठेही उणीव नव्हती, म्हणून कर्ज मंजूर झाले.

पाचव्या महिन्यात गाडी महामार्गावर बंद पडली. इंजिनातील टायमिंग बेल्ट तुटला होता. आधीच्या मालकाने तो वेळेवर बदललाच नव्हता, आणि नव्या मालकाने त्याबद्दल विचारले नव्हते. दुरुस्तीचा अंदाज लाखाच्या वर गेला. गाडी गॅरेजमध्ये उभी राहिली, हप्ते मात्र थांबले नाहीत. दोन हप्ते परत गेले. अखेरीस बंद गाडी निम्म्याहूनही कमी किमतीत विकून आणि आईच्या नावावरील मुदत ठेव मोडून त्याने कर्ज फेडले. खाते बंद करताना तो एवढेच म्हणाला, “साहेब, हप्त्याचा हिशेब बरोबर होता. गाडीचा हिशेबच केला नव्हता.”

त्याचे ते वाक्य माझ्या मनात राहिले, कारण तो हिशेब आम्हीही त्याला विचारला नव्हता.

किंमत उतरते, खर्च उतरत नाही

गाडी शोरूममधून बाहेर पडताच तिचा घसारा सुरू होतो. मोटार विम्यात गाडीचे मूल्य ठरविण्याची जी प्रचलित कोष्टके आहेत, त्यांवरून याची कल्पना येते. गाडी एक वर्षाची होईपर्यंत १५ टक्के, दोन वर्षांपर्यंत २० टक्के, तीन वर्षांपर्यंत ३० टक्के, चार वर्षांपर्यंत ४० टक्के आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के घसारा धरला जातो. त्यापुढील मूल्य विमा कंपनी आणि ग्राहक यांच्या संमतीने ठरते. वेगवान आणि महागड्या गाड्यांची बाजारातील घसरण पुष्कळदा याहूनही तीव्र असते, कारण त्यांना दुसरा ग्राहक मिळणे कठीण असते.

परंतु घसारा हा गाडीच्या किमतीला लागू होतो, तिच्या सुट्या भागांच्या किमतीला नव्हे. २५ लाखांची गाडी पंधरा वर्षांनी ३ लाखांना मिळाली, तरी तिचा टर्बोचार्जर, तिच्या ब्रेकच्या चकत्या, तिचे शॉक अब्सॉर्बर आणि तिचे संवेदक हे २५ लाखांच्या गाडीचेच असतात. उलट काळ जातो तसे ते भाग दुर्मीळ आणि महाग होत जातात. ‘चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला’ ही म्हण जुन्या वेगवान गाडीला जितकी लागू पडते, तितकी क्वचितच दुसऱ्या वस्तूला पडत असेल.

एक परिचित उदाहरण घेऊ. स्कोडा कंपनीने २००१ मध्ये महाराष्ट्रातील औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर येथील शेंद्रा वसाहतीतून ऑक्टाव्हिया ही गाडी भारतीय बाजारात आणली. २००४ च्या सुमारास तिचा आरएस हा वेगवान अवतार आला. १.८ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, चार सिलिंडरांत मिळून वीस व्हॉल्व्ह आणि सुमारे १५० अश्वशक्ती, ही त्या काळात भारतीय कुटुंबाच्या गाडीसाठी अपूर्व गोष्ट होती. पुढे २०१७ मध्ये २ लिटर इंजिनाची, २३० अश्वशक्तीची नवी ऑक्टाव्हिया आरएस आली आणि २०२० मध्ये २४५ अश्वशक्तीच्या केवळ २०० गाड्या भारतात विक्रीस आल्या. या गाड्यांचे चाहते आजही देशभर आहेत. जुन्या पिढीतील गाडी आता वीस वर्षांच्या घरात आहे आणि तिच्यावर लाख-दीड लाख किलोमीटर सहज नोंदलेले असतात. पुढील विवेचनात हीच गाडी डोळ्यांसमोर ठेवली, तर मुद्दे समजणे सोपे जाईल; मात्र ते कोणत्याही कंपनीच्या अशा गाडीला सारखेच लागू आहेत.

किलोमीटरचा आकडा काय सांगतो?

आपल्याकडे ‘मायलेज’ म्हटले की एका लिटरमध्ये गाडी किती धावते हे मनात येते. येथे आपण बोलत आहोत ते गाडीने आजवर कापलेल्या अंतराविषयी. जुनी गाडी घेताना बहुतेक ग्राहक हाच आकडा प्रथम पाहतात, आणि तो कमी असला की समाधान मानतात. हा निकष अपुरा आहे.

महामार्गावर एकसारख्या वेगाने धावलेले १ लाख किलोमीटर आणि शहराच्या कोंडीत, थांबत-थांबत कापलेले ५० हजार किलोमीटर यांत दुसरे इंजिनाला आणि क्लचला अधिक झिजवतात. कोंडीत गाडी उभी असते, पण इंजिन चालू असते. त्या तासांची नोंद किलोमीटरच्या आकड्यात होत नाही. शिवाय रबर, प्लास्टिक आणि द्रवपदार्थ यांचे वय किलोमीटरवर नव्हे, तर वर्षांवर मोजले जाते. दहा वर्षे शेडमध्ये उभी असलेली, केवळ ३० हजार किलोमीटर धावलेली गाडी बाहेरून नवी दिसते. परंतु तिच्या नळ्या, पट्टे, ब्रेक ऑइल आणि टायर म्हातारे झालेले असतात. आणि हा आकडा बदलता येतो, हे तर सर्वज्ञात आहे. क्लच आणि ब्रेकच्या पेडलवरील रबर, स्टिअरिंगचे कातडे आणि चालकाच्या आसनाची बाहेरील कड जर आकड्याच्या मानाने फार झिजलेली असेल, तर सावध व्हावे.

म्हणून आकड्यापेक्षा इतिहास महत्त्वाचा. दीड लाख किलोमीटर धावलेली, पण प्रत्येक देखभालीचे बिल जपून ठेवलेली गाडी ही साठ हजार धावलेल्या, पण बिलांचा पत्ता नसलेल्या गाडीपेक्षा अधिक विश्वासार्ह असते. कर्ज देताना बँक जसा अर्जदाराचा परतफेडीचा इतिहास पाहते, तसाच गाडीचाही पाहावा.

वेगवान गाडी अधिक का झिजते?

प्रथम टर्बोचार्जरचा विचार करू. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूच्या जोरावर त्याचे पाते मिनिटाला लाखाहून अधिक फेरे फिरते, आणि दुसऱ्या बाजूचे पाते इंजिनात अधिक हवा कोंबते. पेट्रोल इंजिनात त्या वायूचे तापमान ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास जाऊ शकते. एवढ्या वेगाने फिरणारा दांडा केवळ तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. तेल जुने झाले, चुकीच्या प्रतीचे घातले किंवा त्याची पातळी उतरली, तर पहिला घाव टर्बोवर बसतो. म्हणून अशा इंजिनात निर्मात्याने सांगितलेल्या प्रतीचेच सिंथेटिक तेल वापरावे आणि आपल्याकडील धूळ, उष्णता व वाहतूक लक्षात घेऊन ते पुस्तिकेतील कमाल अंतराच्या आधीच बदलावे. वेगाने गाडी चालवून आल्यावर लगेच चावी बंद न करता मिनिटभर इंजिन तसेच चालू ठेवावे, म्हणजे तेलाचा प्रवाह टर्बोची उष्णता वाहून नेतो. याला खर्च काहीच नाही, आणि वाचते ते हजारोंनी.

दुसरा भाग टायमिंग बेल्ट. दट्ट्ये आणि व्हॉल्व्ह यांच्या हालचालींचा मेळ हा दातेरी पट्टा राखतो. तो तुटला की अनेक इंजिनांत दट्ट्ये उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात. जुन्या आरएसचे इंजिन याच प्रकारचे आहे. पट्टा तुटण्यापूर्वी बहुधा कोणतीही सूचना देत नाही. पुस्तिकेत दिलेले किलोमीटर आणि वर्षे यांपैकी जे आधी भरेल तेव्हा तो बदलावा, आणि त्याच वेळी ताण देणारे पुली व पाण्याचा पंपही बदलावा, कारण मजुरीचा मोठा भाग तोच असतो. २०१७ च्या आरएसमध्ये पट्ट्याऐवजी साखळी आहे. तेथे हा खर्च नाही, पण तिच्या दोन क्लचच्या स्वयंचलित गिअरबॉक्सचे तेल साधारण ६० हजार किलोमीटरला बदलावे लागते. प्रत्येक गाडीची दुखरी नस वेगळी असते, आणि ती खरेदीच्या आधी ठाऊक असावी.

तिसरी गोष्ट ब्रेकची. धावत्या गाडीची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ८० ऐवजी १२० किलोमीटर वेगातून थांबताना ब्रेकला सव्वादोन पट उष्णता झेलावी लागते. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. ‘डॉट ४’ या प्रतीच्या कोरड्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो. ओलावा शोषलेल्या तेलाची किमान मर्यादा केवळ १५५ अंश आहे. घाटात उतरताना पेडल एकाएकी मऊ पडण्याचे हे एक कारण. म्हणून गाडी धावो अथवा न धावो, दर दोन वर्षांनी हे तेल बदलावे.

चौथी गोष्ट टायरची. टायरच्या कडेवर चार आकडी खूण असते. तेथे २३१९ असे असेल, तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. आकारानंतरच्या अक्षरावरून त्याची वेगमर्यादा कळते : ‘एच’ म्हणजे ताशी २१०, ‘व्ही’ म्हणजे २४० आणि ‘डब्ल्यू’ म्हणजे २७० किलोमीटर. आपण त्या वेगाने जाणार नाही हे खरे, परंतु ही अक्षरे टायरची उष्णता सहन करण्याची ताकदही सांगतात. जड आणि शक्तिशाली गाडीला स्वस्त, कमी प्रतीचे टायर बसविणे ही काटकसर नव्हे.

याखेरीज शीतक द्रव, इग्निशन कॉइल, हवेच्या रबरी नळ्या आणि सस्पेंशनचे बुश हे भाग वयोमानाने निकामी होतातच. त्यांत आता इंधनाचा मुद्दा आला आहे. २०२५ मध्ये देशात पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत पोहोचले. २००४-०५ च्या गाड्या या मिश्रणासाठी घडविलेल्या नव्हत्या. इथेनॉलमुळे ऑक्टेन वाढते, पण त्यात पेट्रोलपेक्षा ऊर्जा कमी असल्याने अंतर थोडे घटते, आणि जुन्या रबरी नळ्या व गॅस्केट यांवर परिणाम होऊ शकतो. देखभालीच्या वेळी इंधनवाहिन्या आवर्जून तपासून घ्याव्यात.

व्यवहारापूर्वीची तपासणी

गाडी पाहण्यास सकाळी, इंजिन थंड असताना जावे. मालकाने आधीच गरम करून ठेवलेले इंजिन अनेक गोष्टी लपवते. सुरू करताच निळसर धूर दिसला तर तेल जळत आहे, सतत दाट पांढरा व गोडसर वासाचा धूर आला तर शीतक द्रव जळत आहे, आणि काळा धूर आला तर इंधनाचे प्रमाण बिघडले आहे, असे समजावे. तेल भरण्याच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली, तर त्याचे कारण कळेपर्यंत व्यवहार थांबवावा.

त्यानंतर आपल्या विश्वासातील, त्या जातीच्या गाडीची माहिती असलेल्या कारागिराला सोबत न्यावे. संगणकीय स्कॅनरने गाडीच्या स्मृतीतील दोष वाचता येतात. चारही सिलिंडरांचा दाब मोजता येतो. लिफ्टवर चढवून गळती, गंज आणि अपघाताच्या खुणा पाहता येतात. कोकण किनारपट्टी, गोवा, चेन्नई अशा समुद्राजवळच्या गावांत राहिलेल्या गाडीचा तळ विशेष काळजीने पाहावा. या तपासणीसाठी काही हजार रुपये लागतात. विकणाऱ्याने तपासणीस नकार दिला, तर तो नकार हेच उत्तर समजावे.

कागद आणि कायदा

नोंदणी पुस्तकावर पूर्वीच्या कर्जाची नोंद आहे का, हे प्रथम पाहावे. असल्यास संबंधित वित्तसंस्थेचे ना-हरकत पत्र आणि नमुना ३५ यांशिवाय ती नोंद निघत नाही. मालकी बदलण्यासाठी नमुना २९ आणि ३० लागतात. विम्याचे हस्तांतरण मालकी बदलल्यापासून १४ दिवसांत करून घ्यावे. अन्यथा विमा जुन्या मालकाच्या नावावर आणि गाडी नव्याच्या हाती, अशी अवघड स्थिती होते. केंद्र शासनाच्या परिवहन संकेतस्थळावर गाडीची नोंदणी, विमा आणि कर्जाची नोंद पडताळता येते.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षे वैध असते, आणि त्यापुढे पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावे लागते. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीचे नूतनीकरण शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झाले, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांहून जुन्या मोटारींसाठी ते १०,००० रुपये करण्यात आले. महाराष्ट्रासह काही राज्ये याशिवाय पर्यावरण कर घेतात. राजधानी दिल्लीच्या परिसरात तर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दहा वर्षांहून जुन्या डिझेल आणि पंधरा वर्षांहून जुन्या पेट्रोल गाड्यांना मनाई केली. या विषयावर २०२५ मध्येही न्यायालयाचे आदेश झाले आहेत. त्या भागात गाडी घेणाऱ्याने अथवा नेणाऱ्याने ताजी स्थिती परिवहन कार्यालयातून जाणून घ्यावी. आपल्या बँकेतील कर्मचाऱ्यांना हे विशेषत्वाने सांगावेसे वाटते. बदली दुसऱ्या राज्यात झाली आणि गाडी तेथे बारा महिन्यांहून अधिक काळ राहिली, तर नव्याने नोंदणी करावी लागते, आणि त्यासोबत तेथील करही भरावा लागतो. तीन लाखांच्या गाडीला हा कर जड वाटू शकतो.

इंजिनाची शक्ती वाढविणारे फेरबदल करण्याचा मोह अशा गाडीच्या बाबतीत फार असतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाहून वेगळे बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ही भूमिका स्पष्ट केली आहे. विमा कंपनीला न कळविलेला बदल दाव्याच्या वेळी अडचणीचा ठरतो. जुन्या इंजिनाला तर मूळ शक्तीही सांभाळून पेलावी लागते.

विम्याबाबत आणखी एक गोष्ट ध्यानात असावी. सर्वसाधारण पॉलिसीत दाव्याच्या वेळी रबर, नायलॉन आणि प्लास्टिकचे भाग, टायर व बॅटरी यांवर ५० टक्के घसारा कापला जातो, आणि दहा वर्षांहून जुन्या गाडीच्या धातूच्या भागांवरही ५० टक्के. म्हणजे अपघातानंतर निम्मा खर्च स्वतःच्या खिशातून करावा लागेल, हे गृहीत धरावे.

किलोमीटरमागे सहा रुपये

आता मूळ हिशेबाकडे येऊ. उद्योगधंद्यात यंत्र घेतले की त्याच्या दुरुस्तीसाठी आणि बदलीसाठी दरवर्षी रक्कम बाजूला टाकतात. तीच पद्धत गाडीला लावता येते. प्रत्येक भागाची अंदाजे किंमत आणि तो किती किलोमीटर टिकेल हे लिहावे, आणि भागाकार करावा. खालील आकडे केवळ पद्धत समजण्यासाठी कल्पिले आहेत. आपण आपल्या गाडीचे आणि आपल्या गावचे दर घालावेत.

- इंजिन तेल व फिल्टर : ८,००० रुपये, ८,००० कि.मी. — कि.मी.मागे १ रुपया
- चार टायर : ३६,००० रुपये, ३६,००० कि.मी. — १ रुपया
- टायमिंग बेल्ट व पाण्याचा पंप : ३०,००० रुपये, ६०,००० कि.मी. — ५० पैसे
- ब्रेकच्या चकत्या व पॅड : २०,००० रुपये, ४०,००० कि.मी. — ५० पैसे
- क्लच : ६०,००० रुपये, ८०,००० कि.मी. — ७५ पैसे
- सस्पेंशन : ६०,००० रुपये, ८०,००० कि.मी. — ७५ पैसे
- टर्बो, कॉइल, नळ्या, संवेदक इत्यादी : ९०,००० रुपये, ६०,००० कि.मी. — दीड रुपया

एकूण किलोमीटरमागे ६ रुपये. महिन्याला १,००० किलोमीटर धावणाऱ्या गाडीसाठी दरमहा ६,००० रुपये झाले. लिटरला १० किलोमीटर आणि लिटरचा दर १०० रुपये धरला तर इंधन १०,००० रुपये. विमा आणि किरकोळ खर्च दरमहा १,००० रुपये. त्यात ९,९६४ रुपयांचा हप्ता मिळविला की बेरीज येते २६,९६४ रुपये. ज्या ग्राहकाने ‘दहा हजारांचा हप्ता’ एवढाच विचार केला होता, त्याने खऱ्या खर्चाच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाहून थोडा अधिक भाग पाहिला होता.

या हिशेबातून तीन नियम निघतात. पहिला : हाताशी असलेली सगळी रक्कम गाडीत घालू नये. खरेदीच्या किमतीच्या एक तृतीयांश एवढी रक्कम पहिल्या वर्षासाठी राखून ठेवावी. आधीच्या मालकाने टाळलेली कामे आपल्याच वाट्याला येतात, आणि सर्व द्रव, पट्टे व फिल्टर प्रारंभीच बदलून घेणे श्रेयस्कर असते. दुसरा : देखभालीचे दरमहा ६,००० रुपये पगाराच्या दिवशीच आवर्ती ठेवीत वळते करावेत. खर्च न झालेल्या महिन्यातही ते जमा झालेच पाहिजेत. कारण त्या महिन्यातही टायर आणि क्लच झिजतच असतात, केवळ त्यांचे बिल अजून आलेले नसते. तिसरा : अशी गाडी ही घरातील एकमेव गाडी असू नये. सुटा भाग परदेशातून येईपर्यंत ती आठवडेच्या आठवडे उभी राहू शकते. रोजच्या कामासाठी दुसरी सोय असेल, तर आपण योग्य भागाची वाट पाहतो. नसेल, तर हाती लागेल तो भाग बसवतो.

केव्हा थांबावे?

प्रत्येक दुरुस्तीच्या वेळी ‘गाडीच्या किमतीपेक्षा बिल मोठे आहे का?’ असा प्रश्न विचारला जातो. तो पुरेसा नाही. या दुरुस्तीनंतर पुढील दोन वर्षे गाडी विश्वासाने धावणार असेल आणि निधीत रक्कम असेल, तर खर्च योग्य ठरतो. परंतु निधी संपला, क्रेडिट कार्डावर बिल फिरू लागले, सांगाड्याला गंज लागला किंवा सुरक्षिततेचे भाग मिळेनासे झाले, तर गाडी विकण्याची वेळ आली असे समजावे. चालू गाडीला किंमत असते. बंद पडलेल्या गाडीला जो येईल तो भाव घ्यावा लागतो. आमच्या त्या ग्राहकाने हे स्वतःच्या आईच्या ठेवीवर शिकून घेतले.

त्यानंतर त्याच्याप्रमाणेच जुन्या वेगवान गाडीसाठी कर्ज मागणारे आणखी काहीजण आले. त्यांना मी नकार दिला नाही. एक कोरा कागद पुढे ठेवून म्हटले, “हप्ता मी मांडतो, किलोमीटरमागचा खर्च आपण मांडा.” काहीजण बेरीज पाहून हसत उठून गेले. काहींनी वर्षभर थांबून आधी ठेव उघडली, आणि मग गाडी घेतली. त्यांतील एकजण अजूनही कधीमधी शाखेसमोर गाडी उभी करून आत येतो. गाडीवर पावणेदोन लाख किलोमीटर झाले आहेत आणि तिच्या बिलांची फाइल आमच्या कर्जाच्या फाइलहून जाड आहे. कर्ज केव्हाच फिटले. आवर्ती ठेव मात्र त्याने बंद केलेली नाही.